एक तासाचे उड्डाण, पाच तासांचा प्रवास



आपल्याकडील वाहतूकविषयक विज्ञानवार्तांना एक जुनी खोड जडली आहे. दोन शहरांमधील प्रवासाला किती वेळ लागतो हे सांगताना त्या प्रवासाचा सर्वांत वेगवान तुकडा तेवढा मोजायचा आणि त्यालाच ‘प्रवासाचा वेळ’ म्हणायचे, ही ती खोड. ‘बंगळुरू ते चेन्नई एका तासात’, ‘दिल्ली ते जयपूर अर्ध्या तासात’, ‘नव्या द्रुतगती मार्गाने अवघ्या दोन तासांत’ असे मथळे आपण सारेच वाचतो. ते लिहिणाऱ्यांना खोटे बोलायचे असते, असा माझा आरोप नाही. ज्या राशीचे नाव घेतले ती राशी मोजलेलीच नसते, एवढाच आरोप आहे आणि तो गंभीर आहे. लोलकाचे अर्धेच दोलन मोजून कुणी प्रयोगवहीत आवर्तकाल म्हणून लिहिले, तर शिक्षक गुण कापतात. मथळ्यांना ही शिस्त कुणी लावत नाही, आणि त्या मथळ्यांच्या आधारे सार्वजनिक पैसा कुठे खर्च व्हावा याविषयीचे जनमत तयार होते.

हा मुद्दा हवेत राहू नये म्हणून एकच शहरजोडी घेऊ: बंगळुरू आणि चेन्नई. दोन्ही महानगरे, दोहोंमध्ये भरपूर विमाने, गाड्या आणि बसगाड्या. म्हणजे तुलनेला वाव आहे.

पहिला प्रश्न असा की, या दोन शहरांमधील अंतर किती? याचे एकच उत्तर नाही. पृथ्वीच्या वक्र पृष्ठभागावरील सर्वांत जवळच्या रेषेने, म्हणजे बृहद्‌वृत्तावरून, एका शहराच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजले तर ते सुमारे २९० किलोमीटर भरते. रस्त्याने साधारण ३५० किलोमीटर. लोहमार्गाने सुमारे ३६० किलोमीटर. आणि विमानतळापासून विमानतळापर्यंत? अक्षांश-रेखांश घेऊन गणित केले तर सुमारे २६८ किलोमीटर. शहरांपेक्षा विमानतळ एकमेकांना अधिक जवळ आहेत, कारण बंगळुरूचा विमानतळ शहराच्या ईशान्येला देवनहळ्ळीजवळ आहे, तर चेन्नईचा शहराच्या नैर्ऋत्येला मीनंबाक्कमला. विमान जे २२ किलोमीटर वाचवते ते प्रवाशाचे वाचत नाहीत. ते त्याला जमिनीवरून, तेही शहरी रहदारीतून, स्वतःच कापावे लागतात आणि प्रत्यक्षात त्याहून कितीतरी अधिक कापावे लागतात.

दुसरा प्रश्न उड्डाणाच्या वेळेचा. प्रवासी जेट विमान उंचावर ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास वेगाने जाते, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. मग २६८ भागिले ८००, म्हणजे २० मिनिटे. अंतर आणि वेळ सांगणारी कित्येक कोष्टके नेमका हाच भागाकार करून आकडा छापतात. विमान कंपन्यांच्या वेळापत्रकात मात्र याच उड्डाणाला एक तास ते एक तास दहा मिनिटे दिलेली असतात. उरलेली चाळीस-पन्नास मिनिटे गेली कुठे, हे विद्यार्थ्यांनी समजून घेण्यासारखे आहे, कारण त्यात थोडे भौतिकशास्त्र आहे आणि थोडे व्यवहारशास्त्र.

भौतिकशास्त्र असे. ताशी ८०० किलोमीटर हा वेग विमानाला विरळ हवेत, उंचावर मिळतो. जमिनीपासून १०,००० फुटांपर्यंत वेगावर सर्वसाधारणपणे २५० नॉटची, म्हणजे ताशी सुमारे ४६३ किलोमीटरची मर्यादा असते. उतरण्याबाबत वैमानिकांचा एक ढोबळ नियम आहे: दर हजार फुटांसाठी तीन सागरी मैल. ३५,००० फुटांवरून उतरायचे तर १०५ सागरी मैल, म्हणजे सुमारे १९५ किलोमीटर आधीपासून उतरणे सुरू करावे लागते. तेवढ्या उंचीवर चढायलाही जवळपास तितकेच अंतर लागते. दोन्हींची बेरीज होते ४०० किलोमीटरच्या घरात, आणि आपल्याजवळ आहेत २६८. म्हणजे या मार्गावर विमान आपल्या सर्वांत कार्यक्षम उंचीवर पोहोचूच शकत नाही. ते समजा २४,००० फुटांपर्यंत गेले, तरी उतरण्यासाठी ७२ सागरी मैल, म्हणजे १३३ किलोमीटर हवेत. निम्मी वाट संपते न संपते तोच उतरण सुरू होते. समतल उड्डाण, ज्याच्या वेगाने आपण भागाकार केला, ते जेमतेम काही मिनिटांचे असते.

त्यात वारा येतो. विमाने वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उडतात आणि उतरतात. या दोन्ही विमानतळांच्या मुख्य धावपट्ट्या साधारणपणे पूर्व-पश्चिम आहेत आणि चेन्नई बंगळुरूच्या पूर्वेला आहे. पश्चिमेचा वारा असेल तर विमान बंगळुरूहून पश्चिमेकडे उड्डाण करते, म्हणजे चेन्नईकडे पाठ करून. मग वळते. चेन्नईला पोहोचल्यावर पुन्हा शहर ओलांडून समुद्राच्या बाजूला जाते, वळते आणि पूर्वेकडून येऊन उतरते. नकाशावरच्या सरळ रेषेला ही दोन वळणे ठाऊक नसतात. या सर्वांचा परिणाम म्हणून हवेतला प्रत्यक्ष काळ चाळीस मिनिटांच्या आसपास जातो, म्हणजे सरळ रेषेत मोजलेला सरासरी वेग ताशी सुमारे ४०० किलोमीटर. कोष्टकातल्या वेगाच्या निम्मा.

येथेच आणखी एक गोष्ट लक्षात येते. कमी अंतराच्या मार्गांवर पंख्यांची एटीआर-७२ जातीची विमानेही चालतात. त्यांचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास. कागदावर ती जेटपेक्षा फारच संथ. परंतु अडीच-तीनशे किलोमीटरच्या मार्गावर दोहोंच्या वेळापत्रकातला फरक थोड्याच मिनिटांचा उरतो. अंतर कमी झाले की कमाल वेगाचे महत्त्व कमी होते, हे ज्याला उमगले त्याला या लेखाचा निम्मा आशय उमगला.

आता व्यवहारशास्त्र. वेळापत्रकातला काळ हवेत असण्याचा नसतो. विमान निघण्याच्या जागेवरून हलले इथपासून दुसऱ्या विमानतळावर थांबण्याच्या जागी उभे राहिले इथपर्यंतचा तो काळ असतो. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. धावपट्टीकडे सरकणे, रांगेत थांबणे, उतरल्यावर फलाटाकडे येणे हे सारे त्यात येते. शिवाय विमान नियोजित वेळेपासून १५ मिनिटांच्या आत असले की ते ‘वेळेवर’ मोजले जाते, त्यामुळे वेळापत्रकात थोडी सैल जागा ठेवणे कंपन्यांच्या हिताचे असते. यात लबाडी शोधण्याचे कारण नाही. ब्लॉक टाइम ही विमान आणि कर्मचारी यांचे नियोजन करण्यासाठी तयार केलेली उपयुक्त राशी आहे. लबाडी तेव्हा सुरू होते, जेव्हा विमानाच्या कामाचा तास प्रवाशाच्या प्रवासाचा तास म्हणून विकला जातो.

प्रवाशाचा प्रवास मोजू या. पुढचे आकडे मी धरलेले आहेत. ते आपापल्या अनुभवाने बदलावेत. बंगळुरूच्या मध्यभागातून देवनहळ्ळीचा विमानतळ सुमारे ३५ किलोमीटर. त्याला ७५ मिनिटे धरू. देशांतर्गत उड्डाणासाठी सामान काउंटरवर देण्याची मुदत सर्वसाधारणपणे उड्डाणाच्या ६० मिनिटे आधी संपते आणि विमानतळ दोन तास आधी या म्हणतात; आपण मध्यम मार्ग काढून ९० मिनिटे धरू. उड्डाणाची वेळापत्रकी ६५ मिनिटे. विमानातून बाहेर पडून सामान घेण्यास २५. चेन्नई विमानतळाला २०१६ पासून मेट्रो आहे. तिने मध्यवर्ती स्थानकाच्या परिसरात पोहोचण्यास, वाट पाहणे धरून, ४५. बेरीज ३०० मिनिटे. पाच तास.

आता रेल्वे. नोव्हेंबर २०२२ पासून चेन्नई–म्हैसूर वंदे भारत धावते आणि चेन्नई–बंगळुरू हा टप्पा साधारण चार तास वीस मिनिटांत पार करते. घरून स्थानक ३० मिनिटे, गाडीपूर्वी २० मिनिटे, गाडीत २६०, उतरून बाहेर पडण्यास आणि शहरात मार्गस्थ होण्यास २०. बेरीज ३३०. साडेपाच तास.

म्हणजे विमान जिंकलेच. परंतु ते अर्ध्या तासाने जिंकले. मथळा मात्र ‘एक तास विरुद्ध साडेचार तास’ असा असतो आणि वाचकाच्या मनात साडेतीन तासांची तफावत रुजते. शहराच्या मध्यापासून मध्यापर्यंतच्या २९० किलोमीटरला पाच तासांनी भागा. विमानाने प्रवास करणाऱ्याचा सरासरी वेग येतो ताशी ५८ किलोमीटर. रेल्वेने, त्याच सरळ अंतरावर, ताशी ५३. ध्वनीच्या वेगाच्या तीन-चतुर्थांश वेगाची क्षमता असलेले यंत्र आणि लोखंडी रुळांवरची गाडी यांच्यात उरलेला फरक एवढाच: ताशी पाच किलोमीटर, म्हणजे माणसाच्या चालण्याइतका.

संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना यात ओळखीचा चेहरा दिसला असेल. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला विचार हाच आहे: कामाचा एकच भाग कितीही वेगवान केला, तरी एकूण लाभाला उरलेल्या भागाची मर्यादा असते. आपल्या बेरजेत उड्डाणाचा वाटा ३०० पैकी ६५ मिनिटांचा. उद्या असे विमान आले की ज्याला बंगळुरूहून चेन्नईला जाण्यास शून्य मिनिटे लागतात, तरीही प्रवास २३५ मिनिटांचा राहील. अनंत वेगाचा लाभ केवळ २२ टक्के! याउलट घर ते विमानतळ आणि विमानतळावरची प्रतीक्षा यांतून एक तास काढून टाकला, तर जवळपास तेवढाच लाभ विमानाच्या इंजिनाला हात न लावता मिळतो. शिवाय तो केवळ चेन्नईच्या प्रवाशाला मिळत नाही. बंगळुरूहून दिल्ली, गुवाहाटी, कोची, कुठेही जाणाऱ्या प्रत्येकाला मिळतो. मधला तुकडा वेगवान केल्याने एका शहरजोडीचे भले होते, टोके सुधारल्याने साऱ्यांचे.

आणि नेमके याच बाबतीत आपण उलट चाललो आहोत. २००८ साली मार्चमध्ये हैदराबादची विमानसेवा बेगमपेठहून शमशाबादला गेली आणि मे महिन्यात बंगळुरूची शहरातल्या जुन्या एचएएल विमानतळावरून देवनहळ्ळीला. नवे विमानतळ मोठे, आधुनिक आणि आवश्यक होते, यात वाद नाही; जुन्या जागी वाढीला वावच नव्हता. परंतु त्या दिवसापासून बंगळुरूच्या मध्यभागातील प्रवाशाचा चेन्नईचा प्रवास लांबला, आणि ही लांबण कोणत्याही उड्डाणकाळाच्या कोष्टकात उमटली नाही. हवेतला काळ होता तसाच राहिला. विमानतळाजवळ २०२१ मध्ये एक छोटे रेल्वे थांबा-स्थानक झाले, पण तिथल्या गाड्या मोजक्याच. मेट्रो मार्ग या ओळी लिहिताना अजून बांधला जात आहे. विमानतळ सुरू झाल्यावर दीड दशकाहून अधिक काळ लोटला, तरी त्या ३५ किलोमीटरचा प्रश्न ‘वाहतूककोंडी’ या स्थानिक पानावरच्या विषयात मोडतो आणि विमानाचा वेग ‘विज्ञान-तंत्रज्ञान’ या पानावर. एकाच प्रवासाचे दोन तुकडे दोन पानांवर वाटले गेले की बेरीज करण्याची जबाबदारी कुणाचीच उरत नाही.

हीच खोड रस्त्यांच्या बातम्यांत दिसते. बंगळुरू–चेन्नई द्रुतगती मार्ग सुमारे २६० किलोमीटरचा आणि ताशी १२० किलोमीटर वेगासाठी आखलेला. भागाकार केला की दोन तास दहा मिनिटे येतात. उत्तम. पण हा मार्ग सुरू होतो होस्कोटेजवळ आणि संपतो श्रीपेरुंबुदूरला. पहिले ठिकाण बंगळुरूच्या मध्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर, दुसरे चेन्नईच्या मध्यापासून चाळीसेक किलोमीटरवर. टोकांच्या या ६५ किलोमीटरमध्ये शहरी रहदारीत ताशी ३० चा वेग मिळाला, तर आणखी दोन तासांहून अधिक वेळ जातो. मार्गाच्या नावात दोन शहरे आहेत म्हणून त्याचा वेळ दोन शहरांमधला ठरत नाही.

आता हायपरलूपकडे येऊ, कारण विज्ञानवार्तांच्या या खोडीचे सर्वांत ताजे आणि सर्वांत चमकदार रूप तिथे पाहायला मिळते. आयआयटी मद्रासच्या थैयूर येथील संकुलात ४२२ मीटर लांबीची हायपरलूप चाचणी-नलिका तयार झाली. विद्यार्थ्यांच्या चमूने, संस्थेने आणि रेल्वेने मिळून केलेले हे काम अभिनंदनीय आहे. निर्वात नलिका, चुंबकीय उत्थापन आणि रेषीय मोटर यांचा अभ्यास देशात व्हायलाच हवा. फेब्रुवारी २०२५ मध्ये मात्र बातम्यांचे मथळे झळकले: ३५० किलोमीटर अर्ध्या तासात, दिल्ली ते जयपूर तीस मिनिटांत! दिल्ली–जयपूर हे अंतर सरळ रेषेत सुमारे २३५ किलोमीटर आणि लोहमार्गाने ३०० हून थोडे अधिक. ३५० हा आकडा कोणत्या दिल्लीपासून कोणत्या जयपूरपर्यंतचा, हा प्रश्न मथळा लिहिताना पडायला हवा होता.

त्याहून महत्त्वाचे गणित अकरावीच्या विद्यार्थ्याला येते. बसलेल्या प्रवाशाला सुसह्य होईल असे त्वरण दर सेकंदवर्गाला १ मीटर धरू. ताशी १,००० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २७८ मीटर वेग गाठण्यास २७८ सेकंद लागतील आणि तेवढ्यात सुमारे ३९ किलोमीटर अंतर संपेल. थांबण्यासाठी तितकेच. उरलेले २७२ किलोमीटर पूर्ण वेगाने गेल्यास सोळा-सतरा मिनिटे. एकूण सव्वीस मिनिटांच्या आत-बाहेर. म्हणजे कागदावर दावा शक्य आहे, हे मान्यच केले पाहिजे. पण याच त्वरणाने ४२२ मीटरच्या नलिकेत निम्मे अंतर वेग घेऊन निम्म्यात थांबायचे, तर गाठता येणारा वेग सेकंदाला साडेवीस मीटर, म्हणजे ताशी ७४ किलोमीटर होतो. तसेच ताशी १,००० किलोमीटर वेगाने वळण घेताना प्रवाशाला जाणवणारे आडवे त्वरण तेवढेच सौम्य ठेवायचे असेल, तर वळणाची त्रिज्या ७७ किलोमीटर ठेवावी लागेल. डब्याला आतल्या बाजूला कल देऊन ती घटवता येईल. तरीही दोन महानगरांच्या गाभ्यापर्यंत अशी जवळजवळ सरळ नलिका नेणे किती अवघड आहे, हे ओळखण्यास अभियंता असण्याची आवश्यकता नाही. म्हणजे स्थानके शहराबाहेर जाणार. म्हणजे पुन्हा टोके लांबणार. म्हणजे पुन्हा तीच बेरीज. दोन्ही टोकांना एकेक तास धरला, तर तो प्रवास अडीच तासांचा. अडीच तासही स्पृहणीय आहेत! मग अडीच तास असेच का लिहू नये?

माझ्या म्हणण्यावर येणारे आक्षेप मला दिसतात आणि त्यांतले काही रास्त आहेत.

पहिला आक्षेप: बंगळुरू–चेन्नई विमानातले कित्येक प्रवासी पुढचे विमान पकडणारे असतात. परदेशातून चेन्नईला उतरून बंगळुरूला जाणाऱ्याला घर ते विमानतळ हा तुकडाच नसतो. बरोबर आहे. त्याच्यासाठी विमानतळ ते विमानतळ हाच योग्य हिशेब. तसेच उत्तर बंगळुरूत राहून चेन्नईच्या दक्षिण उपनगरात काम असणाऱ्याला विमान दीड-दोन तास वाचवून देईल. म्हणूनच माझा आग्रह कोणत्या साधनाने जावे याविषयी नाही. कुठून कुठे मोजले ते लिहा, एवढाच आहे.

दुसरा आक्षेप: हा तर छोट्या अंतराच्या विमानसेवेलाच विरोध झाला. मुळीच नाही. २०२१ साली उडान योजनेखाली इंफाळ–शिलाँग विमानसेवा सुरू झाली. त्या दोन विमानतळांमधील सरळ अंतर सुमारे २२० किलोमीटर, म्हणजे बंगळुरू–चेन्नईपेक्षाही कमी. परंतु तिथे जोडणारा लोहमार्ग नाही आणि डोंगरदऱ्यांतून रस्त्याने जवळपास पूर्ण दिवस मोडतो. दारापासून दारापर्यंत मोजले तर तिथे विमान निर्विवाद श्रेष्ठ ठरते. एका शहरजोडीला विमानाची खरी गरज आहे आणि दुसरीला ते अर्ध्या तासाच्या सोयीचे आहे, हा भेद किलोमीटर सांगत नाहीत आणि उड्डाणकाळही सांगत नाही. दोन्हींच्या कोष्टकात ‘सुमारे एक तास’ असेच लिहिलेले असते. हा भेद संपूर्ण प्रवासाच्या बेरजेतच दिसतो. अनुदान कुठे द्यावे हे ठरवणाऱ्याला तो दिसायला नको काय?

तिसरा आक्षेप: प्रवाशाने अर्ध्या तासासाठी विमान निवडले, तर इतरांना त्याचे काय? इथे हवामानाचा हिशेब येतो. एक किलो विमान-इंधन जळले की सुमारे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. आयपीसीसीच्या २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ए-३२० जातीच्या विमानाला केवळ उड्डाण करणे, उतरणे आणि जमिनीवर सरकणे, म्हणजे सुमारे ३,००० फुटांखालच्या हालचाली, यांसाठीच सुमारे ७७० किलो इंधन लागते. म्हणजे सुमारे २.४ टन कार्बन डायऑक्साइड. १८० आसने पूर्ण भरली धरली, तरी दर आसनामागे साडेतेरा किलो, आणि हे विमान कितीही दूर गेले तरी चुकत नाही. हा स्थिर खर्च दिल्ली–बंगळुरूच्या १,७०० किलोमीटरवर पसरला तर किलोमीटरमागे ८ ग्रॅम पडतो. बंगळुरू–चेन्नईच्या २६८ किलोमीटरवर ५० ग्रॅम. उंचावरच्या प्रवासाचे इंधन त्यात अजून मिळवलेलेच नाही. नवी इंजिने हा आकडा कमी करतात, पण दोन मार्गांमधले प्रमाण तेच राहते. जवळच्या शहरांमधले उड्डाण हा जेट विमानाचा सर्वांत अकार्यक्षम उपयोग आहे. अशा उड्डाणाचे समर्थन करायचे तर ते ‘साडेतीन तास वाचतात’ या चुकीच्या आकड्यावर तरी करू नये.

काही देशांनी हा हिशेब कायद्यात आणला आहे. फ्रान्सने २०२१ च्या कायद्याने अडीच तासांच्या आत रेल्वेने पोहोचता येईल अशा देशांतर्गत उड्डाणांवर बंदी घातली. २०२३ च्या मे महिन्यात ती लागू झाली आणि पॅरिसच्या ओर्ली विमानतळावरून बोर्दो, नाँत व ल्याँ या तीनच मार्गांना तिचा फटका बसला. आपल्याकडे अशी बंदी आणा असे मी म्हणत नाही. चार तास वीस मिनिटांच्या रेल्वेला तो निकष लागूही होत नाही. पण त्या निमित्ताने तिथे रेल्वेचा वेळ आणि विमानाचा वेळ एका कागदावर, शेजारी-शेजारी मांडून चर्चा झाली. आपल्याकडे ती चर्चा सुरूच होत नाही, कारण आपण दोन वेगळ्या राशी एकाच नावाने छापतो आणि मोठा आकडा कोणता हे पाहून मोकळे होतो.

म्हणून विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, यापुढे ‘अमुक शहर ते तमुक शहर इतक्या मिनिटांत’ असे वाचले की चार प्रश्न विचारा.

१. हे अंतर कोणत्या दोन बिंदूंमधले आहे? शहरांचे मध्य, स्थानके, विमानतळ की पथकर नाके?

२. हा वेळ मोजलेला आहे, वेळापत्रकातला आहे, की कमाल वेगाने भागाकार करून काढलेला?

३. टोकांचा आणि प्रतीक्षेचा वेळ धरला आहे काय? नसल्यास तो धरून तुलना किती बदलते?

४. ज्या पर्यायाशी तुलना केली, त्याच्या बाबतीतही हेच तीन निकष लावले आहेत काय?

यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर बातमीत नसेल, तर ती बातमी वाहतुकीविषयी काही सांगत नाही, केवळ यंत्राच्या वेगाविषयी सांगते. विज्ञानपत्रकारांकडेही माझी मागणी एका वाक्याची आहे: प्रत्येक ‘प्रवासाच्या वेळे’सोबत तो कुठून कुठपर्यंत मोजला ते लिहा. त्याने मथळा थोडा लांबेल आणि आकडा थोडा फिका पडेल. पण नव्या विमानतळाची, नव्या मार्गाची किंवा नव्या नलिकेची घोषणा होईल तेव्हा ‘आणि शहरातून तिथपर्यंत कसे जायचे?’ हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला जाईल, दीड दशकानंतर नव्हे.

सुटीत घरी जाल तेव्हा एक छोटा प्रयोग करा. घराचे दार ओढून घेतल्यापासून मुक्कामाच्या दारापर्यंतचा प्रत्येक टप्पा घड्याळ लावून टिपा: घर ते स्थानक वा विमानतळ, प्रतीक्षा, मुख्य प्रवास, उतरल्यापासून मुक्काम. सरळ रेषेतले अंतर त्या एकूण वेळाने भागा. आपली शहरजोडी, साधन आणि आलेला सरासरी वेग खाली टिप्पणीत लिहा. देशाच्या वेगवेगळ्या भागांतले असे शंभर प्रामाणिक आकडे जमले, तर पुढच्या लेखात ते एकत्र मांडीन. माझ्या गणितात कुणाला त्रुटी आढळली तर तीही अवश्य लिहा, मात्र कोणत्या दोन बिंदूंमध्ये मोजले ते सांगून.